कॅमिलाचं गाणं माझ्यात होतं

मी तबकडी बोलतेय. तुम्ही जिला रेकॉर्ड म्हणता, ती. बारा इंची, काळी, मधोमध भोक. माझ्या पोटावरच्या गोल कागदावर कंपनीचं चिन्ह नाही, गायकाचं नाव नाही. नुसता पांढरा कागद आणि त्यावर निळ्या शाईत एकच शब्द: नमुना.

दुकानात जाणाऱ्या तबकड्या शेकड्यांनी निघतात. त्याआधी दोन-चार काढून बघतात, आवाज नीट उतरलाय की नाही ते. मी त्या दोन-चारांतली. काळा गरम गोळा दोन साच्यांमध्ये ठेवला, वरून वाफेचा दाब दिला आणि मी जन्मले. जन्मतःच माझ्या अंगात तीन मुलांचा आणि एका मुलीचा आवाज होता. साल बहात्तर.

ती मुलं वसईची, नंदाखालची. व्हिन्सेंट गिटार वाजवायचा आणि गायचा. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. मोडक्या रेडिओंचे भाग जोडून त्याने स्वतःचा अँप्लिफायर बनवला होता. गॅविन ड्रम वाजवायचा. लहानपणापासून लग्नाच्या बँडमध्ये ढोल बडवलेला, त्यामुळे त्याचा ठेका जरा वरातीसारखा चालायचा. मेल्विन चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, इथे बेस गिटार. केळीच्या वाडीतल्या पंपाच्या खोलीत त्यांची तालीम चाले. त्यांनी स्वतःला नाव दिलं होतं ‘द सॉल्टमेन’, कारण मेल्विनचे वडील मिठागरावर होते. आणि रेकॉर्डचं नाव ठेवलं ‘सॉल्ट इन द वेल’. वाडीतल्या विहिरीचं पाणी तेव्हा मचूळ व्हायला लागलं होतं, त्यावरून.

त्या काळात आपल्याकडची पोरं हॉटेलात दुसऱ्यांची इंग्रजी गाणी वाजवत. स्वतःची गाणी रचून अख्खी रेकॉर्ड करणारे विरळाच. यांची सात गाणी इंग्रजीत होती. आठवं नव्हतं. आठवं गाणं सामवेदीत होतं, घरात आई-बाप बोलत त्या बोलीत, आणि ते व्हिन्सेंटच्या धाकट्या बहिणीने रचलं होतं. तिचं नाव कॅमिला.

कॅमिला मुंबईत नर्सिंगचं शिक्षण घेत होती. तिच्या लहानपणी विहिरीवर रहाट होता. मग डिझेलचा पंप आला आणि रहाट मोडून सरपणात गेला. रहाटाच्या कुरकुरण्याने ज्या मुलीला झोप लागायची, तिला आता झोप लागत नाही, एवढंच ते गाणं. व्हिन्सेंटने ते एकदा तिच्या तोंडून ऐकलं आणि गिटारवर तसली कुरकुर काढायला बसला. तार ओढायची, सोडायची, परत ओढायची. आठवडाभर घरच्यांचे कान किटले. शेवटी ती कुरकुर सापडली.

रेकॉर्डिंग फोर्टातल्या एका इमारतीत झालं. ध्वनी सांभाळायला हारुनभाई होते. एसीचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून एसी बंद, पंखा बंद. मुलं घामाने निथळत वाजवत होती. गॅविनच्या ड्रमचं कातडं फाटलं, त्यावर त्याने चिकटपट्टी लावली. चौथ्या गाण्यापासून ड्रमचा आवाज बसका येतो, तो त्यामुळे. आज लोक त्या बसक्या आवाजाबद्दल मोठमोठं लिहितात.

कॅमिला शेवटच्या दिवशी आली, ड्यूटी संपवून थेट, पांढऱ्या युनिफॉर्ममध्येच.

“बेटा, थोडा पीछे हो जाओ,” हारुनभाई म्हणाले. “आवाज़ माइक को मार रही है.”

ती मागे सरकली आणि गायली. एकदाच. गाणं संपल्यावर टेप अजून चालू होती हे तिला माहीत नव्हतं. तिने विचारलं, “झालं का रे, व्हिन्सेंट?” मागे गॅविन हसला. तो प्रश्न आणि ते हसू, दोन्ही माझ्यात उतरलं. हारुनभाईंनी ते कापलं नाही.

कंपनीने मला ऐकून बघायला व्हिन्सेंटच्या हाती दिलं. त्याने स्टुडिओतच मला लावलं, आठही गाणी ऐकली, ठीक आहे म्हणून सांगितलं आणि मला वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेलं. घरात प्लेअर नव्हता. खऱ्या रेकॉर्डी आल्या की सगळे मिळून ऐकू, असं ठरलं.

त्या आल्या तेव्हा गावातल्या डॉक्टरांच्या घरी माणसं जमली, कारण रेकॉर्ड वाजवणारा रेडिओग्राम त्यांच्याकडेच होता. कॅमिला सुट्टी घेऊन आली होती. तिच्यासोबत शिकणाऱ्या सगळ्या मुलींना तिने सांगून ठेवलं होतं. पहिली बाजू झाली. दुसरी बाजू लागली. सातवं गाणं संपलं आणि पिन सरळ मधल्या कागदापर्यंत जाऊन खरखरत राहिली.

“आता हिचं ना?” कुणीतरी विचारलं.

व्हिन्सेंटने रेकॉर्ड उचलून कागद वाचला. त्यावर शेवटचं नाव सातव्याचं होतं. त्याने उलट करून परत वाचलं. कॅमिला हातात बिस्किटांची बशी घेऊन उभी होती. डॉक्टरांची बायको म्हणाली, “असेल पुढच्या रेकॉर्डमध्ये.” कॅमिलाने सगळ्यांपुढे बशी फिरवली आणि मग आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी व्हिन्सेंट कंपनीत जाऊन भांडला. तिथले साहेब म्हणाले, “इंग्लिश रेकॉर्ड घेणारा माणूस वेगळा असतो. त्याला शेवटी हे गावठी कशाला ऐकवायचं? गाणं वाईट नाही, पण शोभत नाही.” मूळ टेपचं विचारलं तर कळलं, त्या टेपवर दुसरं काहीतरी भरलं गेलं होतं. टेप महाग असायची, पुन्हा पुन्हा वापरत.

व्हिन्सेंटने घरी येऊन मला ट्रंकेतून काढलं. “कॅमिला, हिच्यात आहे तुझं गाणं. चल, डॉक्टरांकडे जाऊन लावू.”

“कुणाला ऐकवायला?” ती म्हणाली. “मी सगळ्या वॉर्डला सांगून बसलेय. आता एकटी बसून माझंच मी ऐकू?” मग जरा नरम होऊन म्हणाली, “ठेव तुझ्याजवळ. पुढे बघू.”

पुढे तिला कावीळ झाली. वॉर्डात साथ होती. सुरुवातीला नुसता थकवा वाटला म्हणून ती काम करत राहिली, आणि तिला दाखल केलं तेव्हा उशीर झाला होता. नंदाखालच्या चर्चच्या आवारात तिला पुरलं. तिने स्वतःचं गाणं कधीच ऐकलं नाही.

आणि रेकॉर्डचं काय झालं? एका इंग्रजी वर्तमानपत्राने चार ओळी छापल्या, त्यात ‘गोंगाट’ हा शब्द दोनदा होता. हॉटेलवाले म्हणाले, लोकांना नाचता येईल असं वाजवा. विक्री झाली नाही. दुकानांतून परत आलेल्या रेकॉर्डी कारखान्याने वितळवल्या आणि त्याच काळ्या लगद्यातून दुसऱ्या गाण्यांच्या रेकॉर्डी काढल्या. माझ्या सख्ख्या बहिणी त्या. कुणाच्या ना कुणाच्या घरात वेगळ्याच आवाजात गात राहिल्या असतील.

मेल्विन वसईतच राहिला, पुढे दारूत गेला. गॅविन आणि व्हिन्सेंट एकामागोमाग गल्फला आले.

व्हिन्सेंटला दुबईत, देराच्या एका हॉटेलात बँडमध्ये जागा मिळाली. फर्माइशी वाजवायच्या, वाढदिवसाचा केक आला की वाढदिवसाचं गाणं. मी त्याच्या सूटकेसमध्ये कपड्यांच्या मधोमध, जराही न वाकता, आले. त्याने बेटी नावाच्या मुलीशी लग्न केलं, मुलगी झाली, तिचं नाव अँजेला. मग हॉटेलने बँड बंद करून गाणी वाजवणारं एक मशीन आणलं आणि व्हिन्सेंटला बँक्वेटमध्ये सुपरवायझर केलं. गिटार त्याने कुणाला तरी देऊन टाकली. मला मात्र नाही.

गॅविन खोर फक्कानला बंदरात कामाला होता. शुक्रवारी डोंगर ओलांडून गाडी हाकत यायचा. बेटी माशाचं कालवण करायची. दोघं जेवायचे, टीव्ही बघायचे, रेकॉर्डबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. एका वर्षी गॅविनच्या छातीत कामावरच कळ आली आणि तो गेला. त्याचा देह वसईला पाठवायचा होता. व्हिन्सेंट विमानतळाच्या कार्गो विभागात गेला, पेटीवर हात ठेवून आला आणि त्या दिवशी जेवला नाही.

मला सांभाळलं ते बेटीने. तिने मला उशीच्या सुती अभ्र्यात घातलं आणि बेडरूमच्या कपाटात, एसीच्या गारव्यात, उभं ठेवलं. मोलकरीण बदलली की तिला पहिलं सांगायची, “इसको सोने नहीं देना, खड़ा रखना.” एकदा तिने व्हिन्सेंटला विचारलं, “लाव ना एकदा. मी नणंदेला बघितलंही नाही.”

“प्लेअर घेतला की लावू,” तो म्हणाला. प्लेअर त्याने कधी घेतला नाही. बेटी कोविडमध्ये गेली.

त्यानंतर व्हिन्सेंट दुबईतच अल बर्शाला अँजेलाकडे राहायला आला. अँजेला एका कंपनीत एचआरला आहे. तिचा नवरा रुपेश. त्याचा कॉन्ट्रॅक्टिंगचा छोटा धंदा, भाऊबंदांबरोबरचा. त्यांची मुलगी उर्वी कॉलेजात जाते. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत देते. मी व्हिन्सेंटच्या खोलीतल्या कपाटात होते, त्याच अभ्र्यात.

एके दिवशी उर्वी फोन घेऊन त्याच्याकडे आली. “ग्रँपा, इज धिस यू?”

फोनवर ‘सॉल्ट इन द वेल’च्या कव्हरचा फोटो होता. वितळण्यातून वाचलेली एखादी रेकॉर्ड कुणाला रद्दीत सापडली होती, त्याने ती इंटरनेटवर टाकली होती. हजारो लोक ऐकत होते. कुठल्या कुठल्या देशांतले लोक लिहीत होते की हे काळाच्या पुढचं आहे, हे क्लासिक आहे, ही मुलं गेली कुठे? एक प्रत लिलावात गेली होती, तिची किंमत ऐकून रुपेशने मनातल्या मनात रुपयांत हिशेब केला आणि खुर्चीवर बसला.

व्हिन्सेंट सगळं वाचत गेला. शेवटी म्हणाला, “ह्यांना हे आधी का नाही कळलं?” त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच समजत नव्हतं.

महिन्याभराने सुरैय्या आली. मूळची हैदराबादची, शारजात वाढलेली, जुन्या रेकॉर्डी नव्याने काढायचा तिचा धंदा, परदेशात भागीदार. तिला ही रेकॉर्ड पुन्हा काढायची होती. व्हिन्सेंट बराच वेळ ऐकत राहिला. मग उठून कपाटाशी गेला आणि अभ्रा घेऊन आला.

“इसमें आठ गाने हैं,” तो म्हणाला.

सुरैय्याने गाडीतून छोटा प्लेअर आणला. मला तिने दोन्ही हातांच्या तळव्यांमध्ये कडेने धरलं; माणसं तान्ह्या मुलाचं डोकं धरतात तसं. पन्नास वर्षांहून जास्त काळाने माझ्यावर पिन टेकली. मला वाटलं, आवाज निघणार नाही. निघाला.

आठवं गाणं सुरू झालं तेव्हा अँजेला स्वयंपाकघरातून बाहेर आली. व्हिन्सेंट भिंतीकडे तोंड करून उभा होता. गाणं संपलं, आणि खोलीत एका तरुण मुलीने विचारलं, “झालं का रे, व्हिन्सेंट?”

तो खाली बसला. जमिनीवरच.

“हू इज शी?” उर्वीने हळूच विचारलं.

“माझी आत्या,” अँजेला म्हणाली. “मी पण आज पहिल्यांदाच ऐकतेय तिला.”

उर्वीने फोन काढला होता. “वन्स मोअर, प्लीज? आय विल रेकॉर्ड इट.”

“नाही,” व्हिन्सेंट म्हणाला. “फोनवर नको. फोनवर गेलं की ते सगळीकडे जाईल आणि तिचं नाव कुठेच जाणार नाही. आधी नाव. कव्हरवर, आमच्या तिघांच्या बरोबरीने. मग गाणं.”

सुरैय्याला ते पटलं. “अंकल, मैं पार्टनर्स से बात करती हूँ. नाम आएगा, इन्शाल्ला. रेकॉर्ड मुझे दे दीजिए, आज ही स्टुडिओ में ट्रान्सफर करवा देती हूँ.”

“नाव ठरू दे. मग मी स्वतः घेऊन येईन. हातात.”

तिने आग्रह केला. त्याने मला अभ्र्यात घातलं. त्याला दोष देता येत नाही मला. एकदा त्याने कंपनीवर विश्वास ठेवला होता.

जूनमध्ये सकाळी दाढी करताना व्हिन्सेंट पडला. मेंदूतली रक्तवाहिनी बंद झाली होती. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. समजत होतं सगळं, पण शब्द निघत नव्हता. तो हॉस्पिटलात असतानाच घरमालकाने फ्लॅट रिकामा करायला सांगितलं; त्याला स्वतःच्या मुलासाठी हवा होता. अँजेला सकाळी ऑफिसात, दुपारी हॉस्पिटलात, संध्याकाळी घरं बघत फिरत होती. शेवटी शारजात लहान घर मिळालं. सगळं सामान त्यात मावणार नव्हतं.

“यल्ला, चला, जास्तीचं उम्म अल कुवैनला आपल्या गोडाऊनमध्ये टाकू,” रुपेश म्हणाला. “पपा घरी आले की लावू नीट.”

“पपांच्या कपाटातलं राहू दे हां,” अँजेलाने सांगितलं. पण ती सांगत होती हॉस्पिटलच्या लिफ्टमधून, फोन तुटत होता, आणि सामान उतरवणारी माणसं रुपेशच्या डोक्यावर येऊन उभी होती. त्याने कपाटातले कपडे आणि औषधं वेगळी काढली. अभ्र्यातली मी चादरींच्या खोक्यात गेले, ते त्याला दिसलं नाही. बेटी असती तर तिने मला मांडीवर घेऊन नेलं असतं.

गोडाऊन पत्र्याचं होतं. आत टाइल्स, सिमेंट, पाइप. चादरींचा खोका आडवा ठेवला, त्यावर आणखी खोके आले, त्यात मिक्सर, भांडी, इस्त्री. दार बंद झालं.

जुलैमध्ये तिथे उन्हं काय करतात, ते तिथे राहणाऱ्याला सांगायला नको. पत्रा तापायचा, हवा जड व्हायची, दुपारी खोक्यांची चिकटपट्टी सुटून पडायची. मी साच्यात दाबून घडलेली. उष्णतेने घडले, उष्णतेनेच मऊ होऊ लागले. वरच्या वजनाखाली मी हळूहळू वाकत गेले. दुखलं असं म्हणत नाही. पण आपल्या अंगातल्या रेषा एकमेकींकडे सरकताहेत, हे कळत होतं, आणि ओरडायला पिन लागते.

सप्टेंबरात, व्हिन्सेंट घरी आल्यावर, अँजेलाला सुरैय्याचा फोन आला. भागीदार तयार झाले होते. कव्हरवर चौथं नाव येणार होतं, तिघांच्या खाली नव्हे, बरोबरीने. कव्हरचा नमुना छापूनही आला होता. “रेकॉर्ड ले आइए, आपा. बस वही बाकी है.”

अँजेलाने व्हिन्सेंटच्या खोलीतलं कपाट उघडलं. मग दुसरं. मग तिने रुपेशकडे बघितलं.

रुपेश त्याच दुपारी उम्म अल कुवैनला गेला. एकेक खोका बाहेर काढला. मला अभ्र्यातून काढलं तेव्हा मी थाळीसारखी खोलगट झाले होते. तो तिथेच सिमेंटच्या गोणीवर बसला.

त्याने अँजेलाला फोन केला नाही. सुरैय्यालाही नाही. त्याने फोनवर एक व्हिडिओ बघितला: वाकलेली रेकॉर्ड दोन काचांच्या मधे ठेवून ओव्हनमध्ये मंद आचेवर गरम करायची, की ती सरळ होते. घरी कुणी नसताना त्याने तेच केलं. पपांना कळायच्या आत सगळं ठीक करून ठेवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. ओव्हन जुना होता, एका बाजूने जास्त तापायचा.

काचा उचलल्या तेव्हा मी सपाट झाले होते. अगदी सपाट. पण मधल्या कागदाभोवतीच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यात रेषाच राहिल्या नव्हत्या. तिथे मी आरशासारखी गुळगुळीत झाले होते. आठवं गाणं तिथे होतं.

सुरैय्या प्लेअर घेऊन आली. पहिली काही गाणी हेलकावे खात, रडल्यासारखी वाजली. आठव्यावर पिन घसरली आणि थेट मधे जाऊन आदळली. तिने पुन्हा ठेवली. पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा तिने ठेवली नाही.

“माझ्यामुळे झालं,” रुपेश म्हणाला. “मी आधी तुमच्याकडे आणली असती तर?”

सुरैय्याने पिनचा दांडा उचलून जागेवर ठेवला. “पता नहीं, भाईसाब. शायद कुछ निकल आता. अब मत सोचिए.”

“खलास?” अँजेलाने विचारलं.

“खलास.”

अँजेला रुपेशकडे न बघता व्हिन्सेंटच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि त्याला सगळं सांगितलं, गोडाऊनपासून ओव्हनपर्यंत. मला त्याच्या मांडीवर ठेवलं होतं. त्याने डाव्या हाताचं बोट माझ्यावरून फिरवलं, बाहेरच्या कडेपासून आत. गुळगुळीत पट्टा आला तिथे बोट थांबलं. मग त्याने दाराकडे हात केला. अँजेलाला वाटलं, तो तिला बाहेर जायला सांगतोय. पण त्याला रुपेशला बोलवायचं होतं. रुपेश आला, मान खाली घालून उभा राहिला. व्हिन्सेंटने त्याचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. क्षमा होती की आधार मागत होता, ते मला सांगता येणार नाही.

परदेशातल्या भागीदारांनी कळवलं: गाणं नाही तर चौथं नाव कसं छापायचं? विकत घेणारे विचारतील, ही कोण? सुरैय्या भांडली, हे मला माहीत आहे, कारण ती फोनवर आमच्याच हॉलमध्ये उभी राहून भांडत होती. अखेर मागच्या बाजूला, अगदी खाली, बारीक अक्षरांत आभार आले. त्यात स्टुडिओचे आभार, रेकॉर्ड जपणाऱ्या कुणाचे आभार, आणि ‘कॅमिला’. आडनाव नाही.

प्रकाशनाचा कार्यक्रम अल बर्शाच्या एका मॉलमध्ये झाला. मी गेले नाही. उर्वीने घरी येऊन सांगितलं. व्हिन्सेंटला व्हीलचेअरमध्ये पुढे बसवलं होतं. तरुण मुलं त्याच्याशेजारी वाकून फोटो काढत होती. एकाने माइक पुढे करून म्हटलं, “अंकल, जस्ट वन वर्ड.” व्हिन्सेंटने तोंड उघडलं. काही आलं नाही. लोकांना वाटलं, तो भारावून गेलाय. टाळ्या वाजल्या.

“दे वेअर क्लॅपिंग, ममा,” उर्वी म्हणाली आणि रडायला लागली. “ही वॉज ट्राइंग टू से हर नेम.”

वाचलेल्या प्रतीवरून काढलेली नवी रेकॉर्ड आता चांगली चाललीय. मोठे लोक लिहितात की वसईच्या तीन मुलांनी काय करून ठेवलं होतं. वरातीचा ठेका, खाऱ्या विहिरी, सगळ्याचा अर्थ लावतात. एकाने लिहिलंय, रेकॉर्ड सातव्या गाण्यावर एकदम तुटल्यासारखी संपते, हीच तिची कमाल. अँजेलाने ते वाचून दाखवलं नाही.

सुरैय्याने मला फ्रेम करून द्यायचं विचारलं होतं. अँजेलाने नको म्हटलं. मी व्हिन्सेंटच्या खुर्चीशेजारच्या टेबलावर असते, अभ्र्यात, भिंतीला टेकून. खोलीत एसी आहे. आता त्याचा उपयोग नाही, पण अँजेला बाहेर जाताना तो बंद करत नाही.

फिजिओथेरपीची मुलगी येते, उजवा हात हलतो का बघते. तो हलत नाही. तारा छेडायचा हात तो. डावा हात चांगला आहे. दुपारी घर शांत झालं की व्हिन्सेंट डावा हात खुर्चीच्या हातावर ठेवतो आणि बोटं दाबायला लागतो. एक बोट खाली, दोन वर, मग सगळी सरकतात. दाबतो, ओढतो, सोडतो. फिजिओवाल्या मुलीला वाटतं, हा व्यायाम करतो. रुपेशला वाटतं, हात आखडतोय. उर्वीने एकदा विचारलं, “ग्रँपा, आर यू कोल्ड?” आणि हातावर शाल घातली.

मला मात्र कळतं. गिटारच्या दांडीवर डाव्या हाताची बोटं अशीच पडायची. ती रहाटाची कुरकुर आहे. आवाज काढणारा हात मेलाय, आवाज राखणारी मी पुसली गेलेय, पण बोटं पहिल्या सुरापासून निघून एकेक ओळ ओलांडत जातात, जिथे ती श्वास घ्यायची तिथे थांबतात, पुन्हा निघतात.

आत्ताही तो वाजवतोय. ऑफिसमधून लवकर आलेली अँजेला दारात उभी आहे. तिने त्याची हलणारी बोटं बघितली आहेत.

“काय हवंय पपा? पाणी?” तिने विचारलंय, आणि ती पाण्याचा पेला घेऊन त्याच्या डाव्या हाताकडे येतेय.

अँजेला, माझं तुला ऐकू येणार नाही. तरी सांगते. पेला जरा बाजूला ठेव. त्याचा हात धरू नकोस. अजून एक कडवं राहिलंय.